वळचणीपासून आढ्यापर्यंत

रोहिणी नक्षत्र लागले की खामगावात माणसाची नजर आपोआप वर जाऊ लागते. आभाळ पांढरेफटक, पारा 45 अंशांच्या आसपास, कापूसबाजारात शुकशुकाट; आणि तरीही दारात उभा राहून जो तो एकदा छपराकडे बघून घेतो. कुठले कवेलू सरकले, कुठल्या पत्र्याचा खिळा सैल झाला, स्लॅबची कोणती चीर यंदा रुंदावली. आमच्या भागात वर्षाकाठी साधारण 700-800 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला तो किरकोळ वाटेल. पण त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत, वाऱ्यावर बसून, तिरका येतो. छपराची खरी परीक्षा घेतो तो हा तिरपा मारा.

माझ्या लहानपणी या परीक्षेआधी घरोघर एक काम निघायचे, कवेलू फेरण्याचे. भिंतीला शिडी लागे, घरातली भांडीकुंडी आणि अंथरुणे एका खोलीत जमा होत, देवांवर फडके टाकले जाई. मग पाख्यावरची सगळी कवेलू उतरवायची, वाशांवरचा वर्षाचा केरकचरा झाडायचा आणि पुन्हा एकेक कवेलू जागेवर बसवायचे. त्या कचऱ्यात काय नसे! कडुनिंबाचा वाळका पाला, चिमण्यांच्या घरट्यांच्या काड्या, पतंगाच्या कामट्या, कधी मधूनच नांगी उगारून निघालेला विंचू. हा पालाच खरा शत्रू. कवेलूच्या नळीत तो अडकला की पाणी तुंबते, तुंबलेले पाणी बाजूला वाट शोधते आणि बरोबर धान्याच्या कणगीवर टपकते.

फेरणाऱ्यांमध्ये एक म्हातारे बाबा असत. प्रत्येक कवेलू ते डाव्या तळहातावर घेत आणि उजव्या हाताच्या बोटाचे पेर त्यावर वाजवत. खणखणीत वाजले की ते वर जाई. बद्द वाजले की बाजूला पडे. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर त्यांच्या कानाला ऐकू येई. चिरलेले कवेलूही फेकत नसत, कडेच्या अर्ध्या जागेत ते बसवून टाकत. मला वर चढायची भारी हौस. मी शिडीच्या टोकाशी पोचलो की खालूनच दम मिळे, "पाय वाशावर ठेव पोट्ट्या, कवेलूवर नोको ठेवू!" छपरावर वजन कुठे पेलले जाते आणि कुठे नुसते पांघरूण असते, हे त्या एका वाक्यात मला कळले.

काम नेहमी खालून सुरू होई. आधी वळचणीची ओळ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, असे करत शेवटी आढे. देशी कवेलू म्हणजे मातीची अर्धी नळी, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती. कुंभार तळ्यातल्या गाळाच्या मातीत लीद आणि राख मळून चाकावर अख्खी नळी काढायचा, ती जरा सुकली की उभी चिरून दोन करायचा आणि आव्यात भाजायचा. पाख्यावर खालचा थर उताणा मांडायचा. दोन उताण्या ओळींच्या मधल्या सांध्यावर पालथा थर. उताण्याने पाणी वाहून न्यायचे, पालथ्याने सांधा झाकायचा. वरच्या ओळीतल्या कवेलूचे टोक खालच्याच्या डोक्यावर चार बोटे चढलेच पाहिजे. ना खिळा, ना चुना, ना डांबर. सगळे आपापल्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने बसलेले.

काम संपले की बाबा घरात येत, दार लोटून घेत आणि अंधारात मान वर करून बसत. छपरातून उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसत. मला वाटे, एवढी भोके, आता पाऊस आत येणार. बाबांना मात्र त्या ठिपक्यांची काळजी नव्हती. उजेड कोणत्याही फटीतून, कोणत्याही दिशेने येतो. पाण्याला उतारानेच जावे लागते. एका कवेलूवरून घसरलेला थेंब खालच्या कवेलूच्या पाठीवर पडतो, तिथून त्याच्याही खालच्या, आणि शेवटी वळचणीला पागोळी होऊन अंगणात. त्याच फटींतून चुलीचा धूर बाहेर जाई, दुपारचा कोंडलेला उष्मा बाहेर जाई. उघडे राहूनही कोरडे राहणारे ते छप्पर होते. माणसाने बांधलेल्या वस्तूंमध्ये इतकी शहाणी वस्तू मी फार पाहिलेली नाही.

या छपरांची आता खामगावात किती उरली असतील! फरशी भागाच्या आसपास, सुटाळपुऱ्यातल्या जुन्या गल्ल्यांत अजून एखादे पाखे दिसते, पण बहुतेक ठिकाणी पत्रा किंवा स्लॅब. आधी पत्रा आला. नालीदार पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामरने 1829 साली घेतले, आणि पुढे कारखाने, गोदामे, रेल्वे जिथे जिथे गेली तिथे तिथे तो गेला. खामगाव कापसाची मोठी पेठ. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला तो या कापसासाठीच. जिनिंग-प्रेसिंगच्या लांबच लांब छपरांना पत्रा सोयीचा होता. घरांवर तो चढला त्याला मात्र वेगळे कारण होते, वांदरांचे. लंगुरांची एक टोळी पाख्यावरून उड्या मारत गेली की दुसऱ्या दिवशी निम्मी कवेलू फुटलेली. कुंभारांनी कवेलू घडवणे सोडले, फुटलेल्याच्या जागी घालायला नवे मिळेना. लोकांनी पत्रा घातला याचा दोष मी त्यांना देत नाही. पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढलेल्या माणसालाच कळते की आपण काय गमावले. स्लॅबचे तर निराळेच. तो दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली ओतत राहतो.

आणि मग मी छप्पर घालण्याचे काम पुन्हा जवळून पाहिले ते थेट न्यू जर्सीत, एडिसनला, धाकट्या बहिणीच्या घरी. तिचे छप्पर जुने झाले होते. पन्हळीत काळ्या रेतीचे कण साचू लागले की तिथली माणसे ओळखतात, छपराचे वय झाले. तिथल्या घरांवर डांबरी शिंगल असतात. डांबर लावलेल्या कापडाच्या गुंडाळ्या कापून असे सुटे तुकडे करण्याची कल्पना मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्सची, 1903 सालची. आता चालतात ते दुपदरी शिंगल 1960 च्या दशकात आले. काचतंतूंची जाळी, तिच्या दोन्ही अंगांना डांबर, वर रंगीत खडीचे कण. खालच्या भागात दुसरा पदर दातेरी कापून चिकटवलेला असतो; त्याची सावली पडते आणि लांबून पाहिले तर लाकडी फळ्यांचे पाखे वाटते. खडीचे कण शोभेपुरते नसतात. ते उन्हापासून डांबर वाचवतात. कण झडले की डांबर उघडे पडते, वाळते, तडकते.

सकाळी माणसे आली, बहुतेक इक्वाडोरची. दुपारपर्यंत जुने छप्पर खाली आले. उघड्या प्लायवूडवर मुकादम गुडघ्यांवर चालत गेला आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत राहिला. जिथे आवाज बद्द आला तिथले प्लाय कापून नवे घातले. मी अंगणात उभा होतो. तो आवाज ऐकला आणि मला कवेलूवर पेर वाजवणारे बाबा दिसले.

काम सुरू झाले तेही वळचणीकडून. आधी कडेला चिकटपट्टीसारखा रबरी डांबराचा पन्ना. हे का, ते बहिणीने समजावले. तिथे हिवाळ्यात छपरावर बर्फ साचतो. घराच्या उबेने तो वरच्या बाजूने वितळतो, पाणी खाली येते, पण वळचण थंड असल्याने तिथे पुन्हा गोठते. मग मागून येणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही आणि ते शिंगलांच्या खालून उलटे वर चढते. पाण्याने उतारानेच जावे हा आमच्या बाबांचा भरवसा बर्फाच्या मुलखात वळचणीपाशी संपतो. म्हणून तिथे ओळींच्याही खाली हा एक अखंड थर. त्याच्या वर पाख्यावर पाणरोधक कापड, कडांना पत्र्याची पट्टी, मग आरंभीची अरुंद ओळ, आणि मग खडूचे सूत मारून एकेक ओळ.

दुपदरी शिंगल सव्वातेरा इंच रुंद असतो, आणि बसवल्यावर त्यातला जेमतेम साडेपाच-पावणेसहा इंच दिसतो. निम्म्याहून जास्त भाग वरच्या ओळींखाली कायमचा झाकलेला. खिळे ठोकायचे ते या झाकल्या जाणाऱ्या भागाच्या कडेला, आखून दिलेल्या रेघेवर, जिथे दोन्ही पदर एकत्र सापडतात. एका शिंगलला 4 खिळे. वाऱ्याच्या भागात 6. प्रत्येक ओळीचे सांधे खालच्या ओळीच्या सांध्यांपासून अर्धा-एक वीत सरकवलेले, दोन सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. मुकादमाला इंग्रजी बेताचे, मला स्पॅनिश अजिबात नाही. जेवणाच्या सुट्टीत मी शिडीवर चढून वळचणीपाशी पोचलो आणि एका हाताचा पंजा दुसऱ्यावर ठेवून दाखवला. तो हसला. नुकत्याच बसवलेल्या शिंगलची कड त्याने दोन बोटांनी उचलली आणि खिळ्याचे डोके दाखवले. ते पृष्ठभागाशी अगदी सपाट होते. आत रुतलेले नाही, वर उचललेले नाही, तिरपे नाही. रुतला तर शिंगल फाडतो, वर राहिला तर वरच्या ओळीला टोचतो. मग त्याने कड सोडून दिली. खालच्या बाजूला चिकटाची एक पट्टी असते, ती उन्हाने तापून खालच्या ओळीला आपोआप धरून ठेवते. त्यानंतर तो खिळा छपराच्या आयुष्यात कुणालाही दिसणार नव्हता. तरी त्याने तो तितक्याच नेटाने मारला होता.

धुराड्याच्या भिंतीशी तर त्याचे हात फारच हळू चालत. भिंत आणि पाखे जिथे भेटते तिथे पाणी हमखास घुसते. म्हणून दर ओळीगणिक काटकोनात वाकवलेला पत्र्याचा एक तुकडा, अर्धा भिंतीवर, अर्धा पाख्यावर, आणि त्यावर पुढची ओळ. पाखराच्या अंगावर पिसे जशी वरची खालचीला झाकत उतरतात, तसे ते पायरीपायरीने उतरत गेले. शेवटी आढ्याला लांब फट राखून तिच्यावर हवा जाईल अशी जाळीची पट्टी आणि पट्टीवर आढ्याचे शिंगल. ती फट बघून मला फार बरे वाटले. कोंडलेला उष्मा वरून जायला वाट ठेवायची, हे शहाणपण तिथेही शाबूत होते. संध्याकाळी एकाने दांड्याला लावलेले लोहचुंबक हिरवळीवरून फिरवले आणि पडलेले खिळे वेचून घेतले, पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

परत आल्यावर इथल्या एका बांधकामवाल्याने मला विचारले, आता महाबळेश्वर-लोणावळ्याच्या बंगल्यांवर शिंगल दिसतात, खामगावात का घालू नयेत? मी विचार करून नाही म्हटले. काळे डांबर आमच्या उन्हात लवकर वाळते. खालचे प्लायवूड हे वाळवीला आमंत्रण. आणि इथे मुख्य गरज उष्मा बाहेर जाण्याची आहे, ते काम भाजलेली माती डांबरापेक्षा चांगले करते. मंगळूरला जॉर्ज प्लेब्स्टने बासल मिशनच्या वतीने 1865 साली सुरू केलेल्या कारखान्यातली खाचेची कौले दीडशे वर्षांनंतरही देशभर छपरांवर आहेत. ज्या मुलखात जे ऊन, जो पाऊस, जे बर्फ, तिथे ते छप्पर. मुकादमाकडून घ्यायचे ते डांबर नव्हे, तो न दिसणारा खिळा नीट मारण्याचा नेट घ्यायचा.

खामगावात अजून ज्यांच्या घरावर कवेलू आहेत त्यांना माझी विनंती आहे. वासे शाबूत असतील तर छप्पर पाडू नका. वांदरांचा त्रास असेल तर पाख्यावर जाळी ताणा. शेजारी कुणी जुने घर पाडत असेल तर त्याची धड कवेलू मागून आणा आणि मागच्या भिंतीशी रचून ठेवा, नवी कुठे मिळत नाहीत. फेरणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि थकली आहेत. ती आली की घरातल्या एखाद्या पोराला त्यांच्या हाताखाली शिडीवर उभे करा. आणि हे सगळे जूनच्या 7 तारखेच्या आत करा, मृग कुणासाठी थांबत नाही.