मॉरिशसचं लग्न आणि कोळंबे नावाची गावं

यंदा मे महिन्यात बडोदा बेचाळीस डिग्रीवर तापलेलं असताना आम्ही अठरा जण बॅगेत स्वेटर भरून मुंबईहून मॉरिशसच्या विमानात बसलो. माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. नवरा मुलगा तिकडचा, पाचव्या पिढीतला मराठी, एबेनच्या सायबर सिटीत नोकरीला. दोघांची ओळख पुण्यात एका प्रोजेक्टवर झाली होती. सहा-साडेसहा तासांचा प्रवास, घड्याळ दीड तास मागे, आणि भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे वऱ्हाड नेणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

अवघड होते ते आजीचे प्रश्न. लग्न ठरलं तेव्हाच तिनं विचारलं होतं, "त्यांचं गाव कुठलं? कुलदैवत कोणतं?" व्हिडिओ कॉलवर मुलाचे वडील म्हणाले, "आमी बोंबे. रत्नागिरी." यापुढे त्यांना काही माहीत नव्हतं. बोंबे म्हणजे काय ते आम्हाला तिकडे गेल्यावर कळलं. मुंबई बंदरातून जहाजात चढलेले म्हणून मराठी माणसांना तिथे बोंबे म्हणत आले आहेत, जसे कलकत्त्याहून गेलेले ते कलकतिया. आजीचं समाधान झालं नाही. आत्या तिला समजावत राहिली, पण लग्नाच्या मंत्रांत गोत्र काय म्हणायचं, गोंधळ कोणत्या देवीचा घालायचा, हे तिच्याही मनात होतंच. आमच्या नात्यातल्या एका काकांनी तर "ते मराठी कसले, फ्रेंच बोलतात" असा निकालही देऊन टाकला होता. ते लग्नाला आले नाहीत.

फ्रेंच नाही, क्रियोल बोलतात. फ्रेंचच्या पोटातून निघालेली, पण ऐकायला खूप मोकळी भाषा. आणि तिच्यात आपली माणसं बसलेली आहेत. चटणी म्हणजे 'सातिनी', वांगं म्हणजे 'ब्रिंझेल', शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरूम'. हळदीला मात्र तिथे 'सफ्रान' म्हणतात. हळदीच्या दिवसाला सगळे 'सफ्रान, सफ्रान' म्हणायला लागले तेव्हा माझी काकू हळूच म्हणाली, "अगं बाई, केशर लावतात की काय एवढं!"

मुलाचं घर वाकोआजवळ. हा भाग पठारावर असल्यामुळे समुद्रकिनाऱ्यापेक्षा थंड आणि पावसाळी. दुतर्फा उसाची शेतं, ऊस तुऱ्यावर आलेला, मधूनच काळ्या दगडांचे ढीग. शेतं मोकळी करताना हे ज्वालामुखीचे दगड वेचून रचून ठेवलेले आहेत. हात कोणाचे, ते सांगायला नको. जवळच हेन्रिएटा नावाचं गाव आहे. तिथे १८९६ साली भिवाजी कुटुंबानं मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव केला असं सांगतात. आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. बडोद्यातला आपला गणेशोत्सव केवढा मोठा, पण हे ऐकल्यावर मी जरा गप्प झालो. आपल्यामागे निदान गायकवाड सरकार होतं. त्या लोकांच्या मागे साखरेच्या मळ्याचा मुकादम होता.

लग्न शुक्रवार ते रविवार असं तीन दिवस चाललं. घरापुढे मोठा मांडव, त्याला ते 'साल व्हेर्त' म्हणतात, शब्दशः हिरवी खोली. शुक्रवारी रात्री गोंधळ झाला. संबळ नव्हता, ढोलकी होती, आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना शब्दांचा अर्थ माहीत नव्हता हे त्यांनीच सांगितलं. पण चाल पक्की. मग झाकरी झाली. कोकणातलं जाखडी नृत्य म्हणजेच हे, पायात घुंगरू, गोल धरून, वेग वाढत वाढत. माझ्या बाबांनी आयुष्यात जाखडी पाहिली नव्हती. मीही नाही. कोकणातला हा नाच आम्ही हिंदी महासागराच्या मध्यावर एका बेटावर पहिल्यांदा पाहिला, आणि आम्हाला तो समजावून सांगत होते क्रियोल बोलणारे शेजारी!

मुलाची आजी ऐंशीच्या पुढची. घरात तीच एकटी सलग मराठी बोलते. तिचं मराठी पुस्तकातलं नाही, मालिकेतलंही नाही. हेल कोकणी, मध्ये मध्ये भोजपुरी आणि क्रियोल. माझी आजी आणि ती पहिल्या दिवशी एकमेकींकडे नुसत्या हसत होत्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दोघी बाजूबाजूला बसून फणस चिरत होत्या, हातांना तेल लावून. आमच्या आजीचं मराठी तरी कुठे शुद्ध आहे? ती बटाट्याला बटाका म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'ने' लावते. दोघींचं उत्तम जमलं. फक्त गोत्राचा प्रश्न आला की आमची आजी विषय तिथेच आणून ठेवायची. शेवटी गुरुजींनी तोडगा काढला: माहीत नसेल तिथे कश्यप. हा तोडगा आपल्याकडेही चालतो. मंगलाष्टकं मराठीतच झाली, अक्षता हळदीच्या, आणि जेवण केळीच्या पानावर 'सेत कारी', म्हणजे सात भाज्या: कच्चा फणस, लाल भोपळा, पालेभाजी, घेवड्याच्या बिया वगैरे, आणि सोबत पुऱ्या. हिंदू लग्नात ही पद्धत तिथे सर्रास आहे.

या सगळ्यात मला एक गोष्ट जरा लागली. मुलाचा भाचा आठ वर्षांचा, आमच्या मुलीच्या बरोबरीचा. तो मराठी बोलत नाही, पण सरकारी शाळेत मराठी विषय घेतो. तिथे प्राथमिक शाळेत तशी सोय आहे. त्यानं लग्नपत्रिका अक्षर लावून वाचून दाखवली. आमची मुलगी घरात चोवीस तास मराठी बोलते, आणि तिला ती पत्रिका वाचता येईना. दोघं मग पत्रिकेवरून खेळत बसले, तो वाचणार, ही अर्थ सांगणार. सगळ्यांना फार गोड वाटलं. मलाही वाटलं, पण रात्री झोप लवकर आली नाही.

पाहुणे पांगल्यावर आम्ही सहा दिवस राहिलो. समुद्राबद्दल फार लिहीत नाही, फोटोंत दिसतो तसाच आहे आणि किनारे सगळ्यांना खुले आहेत, हॉटेलसमोरचेसुद्धा. शामारेलची सप्तरंगी माती पाहिली. खरीच रंगीत आहे, पण कठड्यापलीकडून बघायची, वीस मिनिटांत संपते. त्यापेक्षा पोर्ट लुईच्या रस्त्यावर उभं राहून खाल्लेली ढोलपुरी जास्त लक्षात राहिली. ही म्हणजे डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. जोडीनंच देतात, आत घेवड्याची रस्सेदार भाजी आणि कोथिंबिरीची सातिनी. वर थंडगार आलुदा, म्हणजे आपला फालुदाच.

गंगा तलावला गेलो तेव्हा मात्र आमच्या अख्ख्या गाडीतून एकदम आवाज निघाला. रस्त्याच्या कडेला त्रिशूळ घेऊन उभा १०८ फुटी महादेव, आणि तो थेट आपल्या सुरसागरातला! योगायोग नाही, ती मूर्ती बडोद्याच्या मूर्तीवरूनच केलेली आहे, २००७ मधली. आपला पाण्यात उभा आहे आणि आता त्याला सोन्याचा मुलामा आहे, त्यांचा डोंगरावर, धुक्यात. महाशिवरात्रीला बेटभरचे लोक कावडी घेऊन इथे पायी येतात. बाबांनी व्याह्यांना मोबाइलवर सुरसागरचा फोटो दाखवला. व्याही बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे देव तुमच्याकडून आले. आमचं गाव पण शोधा आता."

ते चेष्टेत म्हणाले होते, पण आजीनं ते पकडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली, आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण उतरले. करार पाच वर्षांचा. हा प्रयोग यशस्वी ठरला म्हणून ब्रिटिशांनी तो जगभर नेला, आणि १९२० पर्यंत एकट्या मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. घाट १८४९ चा. आज तो जागतिक वारसा स्थळ आहे, २००६ पासून. पण बघायला फारसं काही नाही. अगदी शेजारून हायवे जातो, मूळ इमारतींचा थोडाच भाग उरला आहे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून आत यायचा, दोनेक दिवस इथे राहायचा, कागदपत्रं व्हायची, नंबर मिळायचा आणि मळ्यावर रवाना. व्याही त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभे होते. ते राहतात तिथून हे ठिकाण तासाभराच्या आत आहे, आणि ते शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच आले होते.

तो नंबर महत्त्वाचा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. जहाज, तारीख, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, आणि पुढच्या काळातल्या लोकांचे फोटोसुद्धा. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकोणिसाव्या शतकातला भलामोठा डेटाबेस, आणि नंबर ही त्याची प्रायमरी की. नाव ही की होऊ शकत नाही, कारण नावं कारकुनाच्या कानावर अवलंबून. बापाचं नाव, मुलाचं नाव, काय ऐकू येईल ते लिहिलं, आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव झालं. आपण ज्या नावानं आजोबांना हाक मारली असती ते नाव तिथे पासपोर्टवर आडनाव म्हणून असतं, शेवटी दोन 'ई' लावून. आपल्या ओळखीची आडनावं तिथे शोधू नका.

व्याह्यांकडे जन्मदाखल्यांची साखळी होती, आजोबांपर्यंतची. त्यांच्या आजीनं एका पत्र्याच्या डब्यात एक जुना कागदही ठेवला होता, त्यावर नंबर होता. कोणी कधी नीट पाहिला नव्हता. त्यावरून नोंद निघाली. पणजोबा, वय २२, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण, एकटे. जिल्हा रत्नागिरी. तालुक्याच्या जागी अक्षर लागत नाही. गाव: इंग्रजीत 'कोलंबा'.

व्याही काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या नव्या जावयानं, कपाळाला हात लावून स्वतःच्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं, पण आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

रात्री मी नकाशा उघडून बसलो. कोळंबे रत्नागिरीजवळ आहे. दुसरं कोळंबे संगमेश्वर तालुक्यात. आणि मालवणला लागून कोळंब, जे आज सिंधुदुर्गात आहे, पण तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तेव्हा आधीच्या नोंदीत तेही रत्नागिरीच. शिवाय कारकुनानं कोळंबच्या जागी भलतंच काही ऐकलं असेल ही शक्यता आहेच. मी हे सगळं आजीला सांगितलं. मला वाटलं ती निराश होईल. ती म्हणाली, "तीनच ना? मग कुठल्या गावात कोणती देवी, ते बघून ये."

मी तिला विचारलं, आपलं गाव कुठलं? तर म्हणे साताऱ्याकडचं. साताऱ्याकडे कुठे? ते तिच्या सासऱ्यांना माहीत होतं. बडोद्यात येऊन आम्हाला सहा पिढ्या झाल्या, आमच्याकडे नंबर नाही, नोंदवही नाही, भुवईवरच्या व्रणाचा उल्लेख नाही. काकांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आपल्याला कशाला लागते नोंद.

डिसेंबरात व्याही, विहीणबाई, त्यांच्या आई आणि लेक-जावई असे पाच जण येणार आहेत. मुंबईहून कोकण रेल्वेनं रत्नागिरी, तिथून गाडी. रत्नागिरीचं कोळंबे पहिल्या दिवशी, संगमेश्वरचं दुसऱ्या. मालवणचं शेवटी ठेवलं आहे, कारण तिथून मोपाचा विमानतळ जवळ पडतो आणि त्यांच्या आईला फार वेळ गाडीत बसवत नाही. गुरवांना काय विचारायचं त्याची यादी आजीनं लिहून दिली आहे. देवनागरीत आहे, म्हणून ती वाचायचं काम भाच्याचं असतं तर बरं झालं असतं, पण त्याची परीक्षा आहे. आमच्या मुलीनं सध्या क, को, कोळपर्यंत मजल मारली आहे.