मात्सू : संकटात कोणत्या नावाने हाक मारावी?

१/ चीनच्या फुजियान किनाऱ्याजवळ मेइझोऊ नावाचे लहानसे बेट आहे. परंपरेनुसार इ. स. ९६० मध्ये तेथील लिन कुळात एक कन्या जन्मली. जन्मतः ती रडलीच नाही, म्हणून तिचे नाव ‘मो’, म्हणजे मूक, असे ठेवले गेले.

२/ आख्यायिका सांगते की, मागावर विणताना तिची समाधी लागली आणि ती वादळात सापडलेल्या वडिलांना व भावांना वाचवू लागली. घाबरलेल्या आईने तिला हलवून जागे केले. त्याच क्षणी एक जण तिच्या हातून निसटला आणि बुडाला. ९८७ मध्ये ती निवर्तली, असे मानतात. पुढे कोळी व खलाशी तिला भजू लागले.

३/ मग राजसत्तेचे लक्ष तिच्याकडे गेले. ११२३ मध्ये कोरियाला निघालेले शिष्टमंडळ वादळातून बचावले, तेव्हा सोंग सम्राटाने तिच्या देवळाला नामफलक दिला. कुब्लाई खानाने १२८१ मध्ये तिला ‘स्वर्गीय राजपत्नी’ केले. १६८३ मध्ये तैवान जिंकणाऱ्या छिंग सेनापती शी लांग याने विजयाचे श्रेय तिलाच दिले. अखेर ती ‘तियानहौ’, म्हणजे स्वर्गाची सम्राज्ञी झाली.

४/ खलाशांची समजूत मात्र निराळी होती. अठराव्या शतकातील विद्वान झाओ यी यांनी ती नोंदवली आहे. बुडताना ‘स्वर्गीय राजपत्नी’ अशी हाक मारली, तर देवी राजवस्त्रे लेवून येते आणि उशीर होतो. ‘मात्सू’, म्हणजे आई-आजी, म्हटले, तर ती आहे त्या वेषात धावत येते.

५/ चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यातील तेविसावा दिवस हा तिचा जन्मोत्सव. त्याच सुमारास तैवानमधील दाज्या येथून तिची पालखी निघते. प्रस्थानाचा मुहूर्त देवीचा कौल घेऊन ठरतो. नऊ दिवसांत तीनशेहून अधिक किलोमीटरची वाटचाल होते. वाटेत भाविक रस्त्यावर ओळीने पालथे पडतात आणि पालखी त्यांच्यावरून पुढे जाते.

६/ १९८७ मध्ये तिच्या निर्वाणाला सहस्र वर्षे झाली. तैवानच्या लोकांना चीनच्या मुख्य भूमीवर जाण्यास तेव्हा परवानगी नव्हती. तरीही दाज्याच्या देवळातील काही जण जपानमार्गे मेइझोऊला पोहोचले. सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झालेले मूळ देऊळ तेथे पुन्हा उभे राहत होते. देवीला सम्राज्ञी करणारी राजघराणी तोवर लयाला गेली होती. आईच्या माहेरी जाण्यासाठी मात्र माणसे बंदी मोडून समुद्र ओलांडत होती.