लाखेचं अंग

ती वाकत नाही. नंतरच्या काळातल्या विनाइलच्या तबकड्या हातात जरा लवतात, ही तशी लवणारी नव्हे. हातून निसटली तर सरळ फुटते. दहा इंचांचं वर्तुळ, मधोमध भोक, त्याभोवती कागदी लेबल आणि बाकी सगळं अंग काळंभोर. मोहाडीतल्या माझ्या घरी ती कोनाड्यात उभी असते. आडवी ठेवून वर ओझं टाकलं की तिला चीर जाते. भंडाऱ्याचा मे महिना तिला सोसत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर चढला की मी तिला आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी नेऊन ठेवतो. उन्हानं ती मऊ पडते आणि एकदा मऊ पडली की अंगावरची रेघ वेडीवाकडी होते. ही रेघच तिचं सर्वस्व.

लोकांना वाटतं, तबकडीवर शेकडो रेघा असतात. एका बाजूला रेघ असते एकच, काठापासून लेबलापर्यंत गुंडाळत गेलेली. मिनिटाला ७८ फेरे आणि तीन मिनिटांचं गाणं असा हिशेब मांडला तर ती सव्वाशे मीटरच्या आसपास भरते. तेवढ्या लांबीत माणसाचा श्वास कोरलेला असतो.

सत्तरच्या दशकात आमच्या घरी रेडिओ होता. रात्री उशिरा शॉर्टवेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लागायचं आणि विलिस कॉनोव्हर खोल, संथ आवाजात जॅझ ऐकवायचे. त्यांचा हा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला होता. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनाही कळावं म्हणून ते एकेक शब्द सुटा करून बोलत. बाहेर धानाच्या बांधीत बेडूक ओरडत असायचे, रेडिओत समुद्र घोंघावत असायचा आणि त्या घोंघावण्यातून एक ट्रंपेट वर यायचा. लुई आर्मस्ट्राँग हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढं पगार सुरू झाल्यावर तबकड्या शोधायला नागपूरला जायला लागलो. इतवारीत एका भंगारवाल्याकडे पितळी समया आणि फुटक्या घड्याळांच्या मध्ये ही बसली होती. काठाचा एक टवका उडालेला, पाकीट नाही.

लेबलावर नाव 'अलबेला'. १९५१चा, भगवानदादा पालव यांचा चित्रपट. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर यांचं. मला जॅझ हवं होतं, मग सिनेमाचं गाणं का उचललं? कारण पडद्यावर ज्या गाण्यात जॅझचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह उभा दिसतो, तेच गाणं हिच्या पोटात आहे. लेबलावर चित्रपटाचं नाव आहे, गायकांची आहेत, संगीतकाराचं आहे. ट्रंपेटवाल्याचं नाही.

त्याचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. मुंबईत लोक त्याला इथला लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. चर्चमधल्या शाळेत नोटेशन शिकलेली गोव्याची पोरं त्यांच्या शेजारी बसून हे संगीत शिकली. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असा त्यांचा दिनक्रम झाला. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस... हिंदी सिनेमाच्या कितीतरी गाण्यांचा सांगाडा या मंडळींच्या हातून उभा राहिला, आणि लेबलावर त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून माझ्या संग्रहाला जोडून एक वही आहे. तबकड्या आहेत एक्केचाळीस. वहीत प्रत्येकीसाठी एक पान, आणि त्यावर लेबलानं गाळलेली नावं, जशी सापडत जातात तशी. किती तबकड्या जमवल्या असं कुणी विचारलं की मला वहीच दाखवावीशी वाटते.

पण गोष्ट हिची चालली आहे.

हिच्या स्वभावात एक हट्ट आहे. सुई तबकडीला झिजवते असं आपण समजतो. हिच्या बाबतीत आधी उलटं घडतं. हिच्या अंगात दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. पोलादी सुई टेकली की पहिल्या काही फेऱ्यांत ही तिला घासून आपल्या रेघेच्या मापाची करून घेते आणि मगच नीट बोलायला लागते. म्हणून एका बाजूला एक सुई. बाजू संपली की ती सुई टाकायची. जुनी सुई कुणी दुसऱ्यांदा लावली तर तिची धार हिच्या अंगात रुतते, आणि ती जखम भरून येत नाही.

हिला मीही एकदा दुखवलं आहे. लेबलाजवळ बुरशीचा पांढरा डाग होता, तो मी कापसावर स्पिरिट घेऊन पुसला. क्षणात तिथली चकाकी गेली आणि कापूस तपकिरी झाला. घरी दाराचं काम करायला आलेला सुतार शेजारीच बसला होता. त्यानं तबकडी माझ्या हातातून घेतली, नखानं काठ खरवडला, वास घेतला.

"गुरुजी, हे त चपडा हाय. स्पिरिटनं विरघळते. आम्ही असंच तं पॉलिश बनवतो."

तो म्हणाला ते अक्षरशः खरं होतं. हिचं अंग लाखेचं. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांना धरून ठेवते ती लाख. आणि लाख म्हणजे आमच्या धुऱ्यावरच्या पळसाची.

हे कळल्यापासून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. मराठीत लाख हा आकडा आहे. आमच्याकडे धान निघाल्यावर ओलीवर पेरतात ती लाखोरीही लाखच. आणि तिसरी ही. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या डहाळीवर टाचणीच्या टोकाएवढे किडे बसतात, सोंड आत खुपसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडत जातात. मादी एकदा बसली की पुन्हा हलत नाही. तिचे पाय गळतात. ती आपल्याच लाखेच्या घरात अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढची पिल्लं बाहेर पडून नवी डहाळी शोधतात. डहाळीवरची ही खपली खरवडायची, कुटायची, धुवायची. धुण्याच्या लाल पाण्यातून अळता निघतो. उरलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांपुढं पिळतात, गळणारी लाख थापतात आणि गरम असतानाच हातापायांनी, दातांनीसुद्धा ताणून तिचा पापुद्रा काढतात. तो चपडा. आमच्या शेजारच्या गोंदियात लाखेचे कारखाने आहेत. देशातली सर्वाधिक लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून येते, पण पळस तिकडचा आणि इकडचा एकच. हा माल कलकत्त्याला जायचा. तिथं दमदमला १९२८ पासून ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना होता.

लाख तिथून अमेरिकेलाही जायची. न्यू ऑर्लिन्सच्या आर्मस्ट्राँगचा श्वास धरून ठेवायला हिंदुस्थानातल्या झाडावरचा किडा लागत होता. १९४२ साली युद्धामुळं लाखेची तंगी झाली, अमेरिकेत तबकड्यांसाठी ती वापरण्यावर कडक मर्यादा आल्या आणि जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी गोळा होऊ लागल्या. त्यातच ऑगस्टमध्ये तिथल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी समझोता व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. नेमक्या त्याच काळात, १९४३ साली, पियानोवादक अर्ल हाइन्स यांच्या ताफ्यात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी शेजारी शेजारी बसून जॅझची भाषा बदलत होते. त्या ताफ्याची एकही तबकडी निघाली नाही. याची मला अजून हळहळ वाटते. श्वास होता, अंग मिळालं नाही.

हेच हाइन्स १९२८च्या जूनमध्ये शिकागोत आर्मस्ट्राँगच्या साथीला होते, 'वेस्ट एंड ब्लूज'च्या वेळी. सुरुवातीला बारा-तेरा सेकंद एकटा ट्रंपेट आहे, कुणाचीही साथ नाही. एवढ्यात तो जिना चढून वर जातो, क्षणभर थांबतो आणि वेगळ्याच वाटेनं खाली उतरतो. आमच्याकडच्या खडी गंमतीत शाहिराला सगळी रात्र मिळते. ढोलकीवाला त्याला डिवचतो, समोरची माणसं ओरडून चढवतात, मग कधीतरी पहाटेच्या सुमाराला त्याला खरं सुचतं. आर्मस्ट्राँगसमोर बंद खोली होती आणि सव्वातीन मिनिटं होती. अब्दुल करीम खाँसाहेबांचंही तेच. मैफलीत तास तास आळवायचे ते सूर त्यांनी १९३०च्या दशकात तीन मिनिटांत मांडले आणि ऐकताना काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. तबकडीनं प्रतिभा घडवली असं मी म्हणणार नाही. पण तिनं प्रतिभेची परीक्षा फार कठोर घेतली. घोळवायला जागाच नव्हती.

या परीक्षेत कधी यंत्रही कमी पडलं. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या ताफ्याचं मुद्रण कर्ण्यातून व्हायचं. तरुण आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट एवढा भारी पडायचा, की त्याला बाकीच्यांपासून दूर, मागं उभं करावं लागलं, अशी आठवण पियानोवादक लिल हार्डिन सांगत. पुढं त्या त्याच्या पत्नी झाल्या. त्या काळातल्या तबकड्या ऐकताना मी कर्ण्याजवळच्या वाद्यांकडे दुर्लक्ष करून खोलीच्या त्या कोपऱ्याकडे कान लावतो.

परवा चैत्रात तो सुतार पुन्हा आला होता. येताना पळसाची एक डहाळी घेऊन आला, लाखेनं खरबरीत झालेली. म्हणाला, "तुमच्या बाईचं माहेर दाखवाले आणलं." मी चावी भरली, नवी सुई बसवली. काठाचा टवका उडालेला असल्यामुळं पहिले काही फेरे सोडूनच सुई टेकवावी लागते. गाणं आमच्या घरी नेहमी चालत्या वाटेवर भेटतं. अर्ध्यावर ट्रंपेट उसळून आला. लेबलाजवळ, मी स्पिरिट लावलं होतं तिथं, ती दरवेळेसारखी खाकरली आणि पुढं गेली. तो डहाळी दोन्ही हातांत धरून ऐकत होता.

"गुरुजी, हे पिपाणी वाजवणाऱ्याचं नाव काय?"

मी वही उघडून सांगितलं. आंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा.

त्यानं ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. "आणखी एक डाव लावा," म्हणाला. मी झिजलेली सुई काढून टाकली आणि डबीतून नवी घेतली.