ज्याची जी आवड, त्याचं ते घर

भारतात गेलं की आपले चार आठवडे नातेवाईक, लग्नं आणि खरेदी यांतच संपतात. तरी या खेपेला महाबळेश्वरला जाताना आम्ही पाचगणीच्या पुढे भिलारला मुद्दाम थांबलो. आम्ही दोघं इथे इंग्लंडमध्ये रविवारच्या मराठी वर्गात शिकवतो. मुलं मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक दिसलं की पळतात, हे आपल्या सर्वांचंच दुखणं!

स्ट्रॉबेरी पिकवणारं भिलार ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली. आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. भिलारच्या गावकऱ्यांनी मात्र आपल्या राहत्या घरातली जागा वाचकांना दिली. सुरुवातीला अशी २५ ठिकाणं आणि सुमारे १५ हजार पुस्तकं होती. कुणीही यावं, बसून वाचावं, पैसे द्यायला नकोत.

आम्हाला भावली ती मांडणी. एका घरी बालसाहित्य, दुसरीकडे इतिहास, कुठे चरित्रं, कुठे विनोदी पुस्तकं, तर कुठे दिवाळी अंक. मुलांना आम्ही एवढंच म्हटलं, "हवं त्या घरात जा." धाकटी बालसाहित्यात रमली. थोरल्याला एरवी दोन ओळी वाच म्हटलं की पोटात दुखतं, पण तो खेळांच्या पुस्तकांपाशी क्रिकेटचं पुस्तक घेऊन बसला. अक्षर अक्षर लावत, अडखळत, पण "आई, हा शब्द काय गं?" असं आपणहून विचारत! घरातल्या आजींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "वाचू द्या त्याला, घाई करू नका."

मूल कुठल्या दारात रेंगाळतं हे आधी बघावं, मग पुस्तक हाती द्यावं, हे तिथे पटलं. आता वर्गात आम्ही पाच खोकी ठेवली आहेत: क्रिकेट, प्राणी, भुतं, किल्ले आणि खाणंपिणं. नवीन मूल आलं की बाराखडीआधी विचारतो, "शनिवारी काय करायला आवडतं?" उत्तर मिळालं की खोकं सापडतं. सगळीच मुलं लगेच वाचायला लागली असं नाही. पण आजीचं पत्र स्वतः वाचता यावं, एवढी ओढ तरी लागायला हवी ना?

तेव्हा मंडळी, पुढच्या वारीत बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी चार पुस्तकं अवश्य आणा. फक्त कुठली, ते निघण्यापूर्वी मुलांना विचारा!