आमचे इंग्रजी गवई

परवा पिरंगुटला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. जिलबीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारले, "सध्या काय चालू आहे?"

"ईझी वाँडरलिंग्ज चालू आहे," मी म्हणालो.

"सकाळ-संध्याकाळ?"

"नाही, बहुतेक रात्रीच. जेवणानंतर."

"गुण येतो का?" त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारले.

सत्तरी उलटलेला माणूस 'चालू आहे' म्हणाला म्हणजे ते औषधच असणार, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. आणि गुण येतो म्हणाल, तर तोही येतो. पण ईझी वाँडरलिंग्ज हे औषध नव्हे. तो पुण्यातला एक वाद्यवृंद आहे. मुले त्याला 'बँड' म्हणतात. पण बँड म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगले नि पितळी कर्णे उभे राहतात, म्हणून मी आपला वाद्यवृंद म्हणतो. सन्यांथ नारोथ नावाच्या तरुण गीतकाराने तो २०१५ साली पुण्यात सुरू केला आणि २०१७ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला, 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स'. गाणी सगळी इंग्रजी. ऐकणारा मी, मुक्काम उरवडे, तालुका मुळशी.

उरवडे तुम्हांला ठाऊक असण्याचे कारण नाही. पिरंगुट ओलांडून मुठा खोऱ्याकडे निघालात की आमचे गाव लागते. एकीकडे भातखाचरे, दुसरीकडे कारखान्यांचे पत्रे, आणि रविवारी मधल्या रस्त्यावरून लवासाकडे धावणाऱ्या मोटारी. त्या मोटारींतल्या लोकांना उरवडे हे चहाला थांबायचे की न थांबायचे एवढ्यापुरतेच माहीत असते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला, रस्त्याच्या कडेला असूनही कोणाच्या लक्षात न येणाऱ्या गोष्टींबद्दल थोडी जास्त माया असते. या गाण्यांचा मला लळा लागला त्यात या मायेचाही वाटा असेल. पण सगळा वाटा तिचा नाही, हे पुढे सांगतो.

गाणी आणली माझ्या नातीने. ती कोथरूडला राहते, दिवाळीत आणि मे महिन्यात इकडे येते आणि दर खेपेला माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी भरून जाते. "आबा, हे इंडी आहे," ती म्हणाली. मला सोलापूरहून विजापूरला जाताना लागणारे इंडी स्टेशन आठवले. तिने समजावून सांगितले की इंडी म्हणजे 'इंडिपेंडंट'. ज्यांच्या पाठीशी मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही, जे आपली गाणी आपणच रचतात, आपल्याच पैशाने ध्वनिमुद्रित करतात आणि लोकांपुढे ठेवतात, ते इंडी. म्हणजे आमच्याकडे पदरमोड करून कवितासंग्रह काढणारे कवी होते, त्यांच्याच जातकुळीतले हे लोक. फरक एवढाच, की त्या कवींच्या घरी न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे माळ्यावर दिसायचे. यांचे गठ्ठे हवेत असतात, म्हणून बायकोला दिसत नाहीत.

अल्बममध्ये आहे तरी काय? गिटार आहे, बासरी आहे, व्हायोलिन आहे, पाठीमागे ड्रम आहे. सन्यांथचा सौम्य पुरुषी आवाज आहे आणि प्रतिका गोपीनाथ नावाच्या मुलीचा ऊबदार, किंचित दाणेदार आवाज आहे. रॉक म्हणून जी आरडाओरड आपल्या मनात असते तिचा इथे मागमूस नाही. रॉक या शब्दाचा खडकाशी संबंध जोडायचाच झाला, तर हा खडकाचा नव्हे, खडकावरून वाहणाऱ्या ओढ्याचा आवाज आहे. एखादे गाणे अमेरिकेतल्या खेड्यातल्या लोकगीतासारखे सुरू होते. मग ताल किंचित लचकतो आणि निग्रो गायकांनी देवळातून बाहेर आणलेले ते 'सोल' नावाचे गाणे—हल्ली निग्रो म्हणू नये असे नात बजावते, म्हणून कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांचे म्हणतो—त्याची आठवण होते. आणि तेवढ्यात बासरी अशी काही वळते की आपण सिंहगडाच्या वाटेवर कुठेतरी बसलो आहोत असे वाटते. पण ही भेळ नव्हे. भेळेत कुरमुरा कुरमुऱ्यासारखा आणि फरसाण फरसाणासारखे लागते. इथे सगळ्याला एकच पाणी सुटलेले आहे, आणि ते पाणी म्हणजे चाल.

चाल हा शब्द मी जपून वापरतो. हल्लीच्या पुष्कळ गाण्यांत ठेका असतो, आवाजांची आतषबाजी असते, पण गाणे संपल्यावर आंघोळ करताना गुणगुणायला काही हाती लागत नाही. 'माय प्लेस टू यू' किंवा 'ओड टू अ ग्रीन बर्ड' ऐकून पाहा. दोनदा ऐकलेत की तिसऱ्या दिवशी दाढी करताना ती आपोआप तोंडात येतात. शब्द येत नाहीत, चाल येते.

आणि इथेच माझा खासगी स्वार्थ आहे. माझे कान चालले आहेत.

तीस वर्षे मी एका कारखान्यात प्रेसच्या शेजारी उभा होतो. पत्र्यावर ठोका पडायचा, दर काही सेकंदांनी, आठ तास. कानांत घालायला काही द्यावे असे तेव्हा तिथे कोणाला सुचले नाही, आणि मागावे असे आम्हांलाही सुचले नाही. गोंगाट हा पगाराचाच भाग आहे अशी सर्वांची समजूत. आता त्याचे बिल आले आहे. कोथरूडच्या दवाखान्यात मला एका काचेच्या खोलीत बसवून, कानांवर टोप्या घालून, शिट्ट्या ऐकवल्या. मग त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. डावीकडे, खर्जाच्या बाजूला, रेघ शहाण्यासारखी सपाट चालते. आणि तारसप्तकाच्या बाजूला, ३००० ते ४००० हर्ट्झच्या सुमारास, ताम्हिणी घाटासारखी कोकणात उतरते. वयानेही असेच होते आणि गोंगाटानेही. मला दोन्ही लाभले. आधी वरचे आवाज जातात. चिमण्या जातात, कुकरची शिट्टी जाते, मग स, श, फ, थ यांसारखी व्यंजने जातात. स्वर मात्र पुष्कळ काळ टिकतात. म्हणून समोरचा बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे हे कळत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की पहिल्यापासूनच माझी तऱ्हा अशी होती, आलेख फक्त आता निघाला.

तर सांगायचे असे की या गाण्यांतले इंग्रजी शब्द माझ्यापर्यंत अर्धेमुर्धेच पोचतात. झांजा माझ्यापुरत्या केव्हाच बंद पडल्या. बासरीतली फुंकर गेली, सूर राहिला. व्हायोलिनच्या गजाची ती बारीक खरखर गेली, ओढ राहिली. एवढे सगळे गाळून जे गाणे उरते, ते अजून उभे आहे. एखाद्या चालीची याहून कडक परीक्षा कोणी घेतली असेल असे मला वाटत नाही. माझ्या कानांतून ओवाळून टाकलेली कितीतरी नामांकित गाणी आता नुसता धपधप आवाज करतात, हे उरले. म्हणून रात्री जेवण झाल्यावर, कारखान्यांची पाळी बदलून रस्ता शांत झाला की मी ओसरीवर बसून ही गाणी पाठ करतो. हो, पाठच करतो. लहानपणी परवचा म्हणायचो तसा. पुढे कधी रेघ आणखी खाली उतरली तर निदान आत वाजवायला काही असावे.

तुम्ही म्हणाल, मग पाठ करायला इंग्रजीच कशाला? आपले काय संपले आहे का?

हा प्रश्न मला पंगतीतल्या त्या गृहस्थांनीही विचारला. गुणाचा खुलासा झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हाच होता. पण चालीच्या बाबतीत आपण मराठी माणसे सोवळी कधी होतो? १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांबरोबर कर्नाटकी चालीही बेधडक आणल्या. १९११ साली 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी थेट पूरबच्या ठुमरीवरून चाली उचलल्या, आणि आपल्या आजोबांनी त्यांना नाट्यपद म्हणून पोटाशी धरले. ज्या पेटीवर हे सारे चालले ती पेटी फिरंगी, आणि व्हायोलिनही फिरंगीच. आणि नुसती चाल नव्हे, भाषासुद्धा! प्रभातचा 'कुंकू' १९३७ सालचा. त्यात शांता आपट्यांनी लाँगफेलोची कविता चक्क इंग्रजीत गायली आहे. संगीत केशवराव भोळ्यांचे, चित्रपट पुण्यात झालेला. जरठ नवऱ्याच्या घरात कोंडलेली एक मराठी मुलगी जगण्याचे बळ एका इंग्रजी गाण्यातून घेते, आणि ते गाणे कोणाला परके वाटत नाही. त्यानंतर ऐंशी वर्षांनी त्याच गावातली मुले इंग्रजीत गातात, तर आपल्याला ती एकदम सातासमुद्रांपलीकडची का वाटावीत?

दुर्लक्षाचे खरे कारण निराळे आहे असे मला वाटते. ही मुले दोन दारांच्या मधोमध उभी आहेत. मराठी श्रोता म्हणतो, इंग्रजी आहे, म्हणजे ते विलायतेचे; इंग्रजी ऐकणारा म्हणतो, इंग्रजीच ऐकायचे तर विलायतेचे काय वाईट? सिनेमाच्या गाण्याला नटीचा चेहरा असतो, भावगीताला आकाशवाणीची सकाळ होती, नाट्यपदाला नाटक होते. या गाण्यांना उभे राहायला काहीच नाही. ती आपल्याच पायांवर उभी आहेत, आणि आपल्याकडे पायांवर उभ्या असलेल्याला बसायला कोणी सांगत नाही.

हे आजचेच नाही. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे रॉक गाणारे गायक होते. १९७४ साली मुंबईत अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केले तेव्हा जूडासची भूमिका त्यांची. १९७८ साली थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त ते गायले. मराठी घरातला एवढा ताकदीचा आवाज, पण २०१४ साली ते गेले तेव्हा आमच्या पिढीतल्या पुष्कळांना 'भेंड्यांचा मुलगा' एवढीच ओळख सांगावी लागली. मुंबईतल्याच 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या वाद्यवृंदाची कथा तर आणखी विलक्षण. त्यांची तबकडी निघाली १९८१ साली, वाद्यवृंद मोडून गेल्यावर. इथे कोणी तिची दखल घेतली नाही. पण परदेशातल्या शौकिनांनी ती हुडकली आणि २०११ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने ती पुन्हा काढली. तीस वर्षे! ईझी वाँडरलिंग्जच्या बाबतीत माझ्याजवळ तीस वर्षे नाहीत आणि तेवढे कानही नाहीत. म्हणून हा लेख आत्ताच लिहितो आहे.

सगळे गोडच आहे असे मात्र नाही. किंबहुना, गोडच आहे हीच थोडी अडचण आहे. सलग ऐकताना कधी कधी वाटते, एखाद्या गाण्याने जरा चिडावे, तोल सोडावा. लय बहुतेक मध्यम. तारे, पक्षी, स्वप्ने यांची वर्दळही, शब्द अर्धेच कळणाऱ्या मलासुद्धा, जरा जास्त जाणवते. तीन गाण्यांनंतर मी उठून पाणी पिऊन येतो. पण पाणी पिऊन परत येतो, हेही नमूद केले पाहिजे. माझ्या मेहुण्याने एक गाणे ऐकून "हे म्हणजे हॉटेलात जेवताना लावतात तसलं" असा शेरा मारला. असेल. पण हॉटेलात मी ते ऐकत बसलो असतो आणि माझे जेवण गार झाले असते.

गेल्या महिन्यात शेवटी कानातले यंत्र घ्यायचे ठरले. सौभाग्यवतींनी कानात सांगितले असते तर मी ऐकले नसते, म्हणून त्यांनी पाटीवर लिहून दाखवले. यंत्र छान आहे. चिमण्या परत आल्या, कुकर परत आला, घरातले टोमणेही अगदी व्यंजनांसकट परत आले. पण गाणे लावले, आणि पत्र्याच्या डब्यात गिटार वाजू लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की ही यंत्रे मुळात बोलणे ऐकण्यासाठी बनवलेली. गाण्यासाठी त्यात वेगळी जुळणी करावी लागते. मग त्यांनी संगणकाला यंत्र जोडले आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या ओळखीचं एखादं गाणं लावा. अगदी पाठ असलेलं. म्हणजे कुठे काय कमी पडतंय ते तुम्हांला सांगता येईल."

मी मोबाइल काढला आणि 'ओड टू अ ग्रीन बर्ड' लावले. त्या कळा फिरवत होत्या, मी हात वरखाली करून सांगत होतो; आणखी थोडे, नको, मागे घ्या, हां. अर्धा तास गेला. बाहेर दोन रोगी ताटकळत होते. एका वळणावर व्हायोलिनच्या मागून ती गजाची खरखर, पुसट का होईना, ऐकू आली. मी हात वर धरला आणि तसाच ठेवला.

बाई थांबल्या. गाणे संपेपर्यंत त्याही ऐकत होत्या.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "कुठलं म्हणायचं हे? लंडनचं का?"

"नाही, पुण्याचं."

"आपल्या?"

"आपल्या," मी म्हणालो. त्यांनी माझ्या आलेखाच्या कागदाचा कोपरा फाडला, पेन पुढे केले, आणि मी त्यावर नाव लिहून दिले.