पाठीमागची बाजू

पासष्टी ओलांडली की आपल्याकडं एसटीचं तिकीट अर्धं होतं. त्यात शेतातलं काम पोराच्या हाती गेलेलं. मग ज्वारीची रास घरात आली की मी पिशवीत टॉवेल, भाकरी-चटणी आणि मोबाइल टाकून निघतो. एखाद्या तालुक्याच्या गावाला उतरायचं, पेठेतून चालत सुटायचं, आणि जुना वाडा, वेस, आड, देऊळ दिसलं की फोटो काढायचा. गावातली पोरं हसतात. "आबा, पडक्या भिंतीचं फोटू कशाला काढताय?"

त्यांना सांगतो, बैल घेताना आपण नुसतं तोंड बघून पैसे मोजतो का? मागं जाऊन खूर बघतो, चालवून बघतो. घराचंही तसंच आहे. पुढची बाजू लोकांनी बघावी म्हणून बांधतात. मागची बाजू पाऊस, नदी आणि रोजचं काम यांच्यासाठी असते. म्हणून मी मागं जातो.

वाईला कृष्णाकाठी ढोल्या गणपती आहे. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. मूर्ती अखंड दगडातली, एवढी थोरली की नाव ढोल्याच पडलं. माणसं दर्शन घेतात, पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढतात आणि गाडीत बसतात. मी देवळाला वळसा घालून मागं गेलो. मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती होत गेलेली. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं, अशी योजना. ओढ्याकाठी बांध घालणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाण्याला आडवं उभं राहिलं की बांध जातो, वाट दिली की राहतो. रास्त्यांचं नाव इतिहासात राहिलं, पण ती भिंत ज्या गवंड्याला सुचली तो नदीकाठचाच असला पाहिजे. त्याचा फोटो कुठं मिळणार? म्हणून भिंतीचा काढला.

सोलापूरला गेलो तर इंद्रभुवन बघतो. महानगरपालिकेची ती इमारत कुणीही थांबून बघावी अशीच आहे. पण माझे पाय पूर्व भागाकडं वळतात. तिथं तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकरांची घरं. पुढून बघावं तर साधं दार, उंबऱ्यावर रांगोळी. बोळातून मागं जावं तर मागांचा खडखडाट, रंगवलेलं सूत बांबूवर वाळत घातलेलं. आपण थंडीत जी चादर ओढून घेतो, ती अशाच गल्ल्यांतून येते. फोटोत खडखडाट येत नाही, पण सुताचा लाल रंग तरी येतो.

ही खोड मला कशी लागली तेही सांगतो. आमचं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. तशीच हजारो माणसं मातीखाली गेली. आमच्या गावात कुणी दगावलं नाही, पण भिंतींना चिरा गेल्या. लोक महिनाभर अंगणात झोपले. मग ज्यानं त्यानं माळवदं उतरवून पत्रे घातले. वडलांनीही घातले. मातीचं घर वाईट होतं असं मी म्हणत नाही, चांगलं होतं असंही म्हणत नाही. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही, आणि त्याच मातीनं किल्लारीला माणसं गाडली.

त्या घराचा एकही फोटो नाही. घराचा फोटो काढायचा असतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्या लग्नात तालुक्याच्या फोटोवाल्यानं काढलेला एक फोटो तेवढा आहे. त्यात आम्ही सगळे ताठ उभे. आता तो हातात घेतला की मी माणसांची तोंडं बघत नाही, ती पाठ आहेत. मी मागं बघतो. वडलांच्या खांद्यामागं दाराची अर्धी चौकट दिसते, मामाच्या फेट्यामागं दिव्याची देवळी. आमचं घर तेवढंच उरलंय.

पण मागची बाजू बघायची तर विचारून बघावी. गेल्या साली एका गावात रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. एक घर निम्मं कापलेलं. आतली निळसर चुन्याची भिंत सगळ्या बाजारासमोर उघडी. खुंट्या, फळीचे डाग, मधोमध काळी पडलेली देवळी. दारात म्हातारी बसलेली. म्हटलं, "मावशी, फोटो काढू का?" ती म्हणाली, "घर उघडं पडलंय बाबा. त्येचा आन् फोटू?" मी मोबाइल खिशात घातला. तिनं पाणी दिलं. कुठल्या गावचे, पाऊस कसा आहे, असं बोलणं झालं. निघालो तेव्हा म्हणाली, "थांबा. तेवढी देवळी घ्या. सासूनं तिथं दिवा लावला, तिच्यामागं मी लावला. उद्या ही भिंतबी जायची." आणि उठून पदरानं काजळी पुसायला लागली. म्हटलं, "ऱ्हाऊ द्या मावशी. तीच घ्यायचीय." तो फोटो तिच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवला. माझ्याकडं ठेवू का, असंही विचारलं. ती हो म्हणाली.

आता लग्नात नवरा-नवरीच्या मागं फ्लेक्स लावतात. त्यावर राजवाडा असतो, धबधबा असतो. खेडं कुठलं, घर कुणाचं, काही कळायची सोय नाही. परवा भावकीतल्या लग्नात मी दोघांना त्या पडद्यापुढून उठवलं आणि गोठ्याच्या दारात उभं केलं. नवरी शालू वर धरून म्हणाली, "आजोबा, इथं शेण आहे."

म्हटलं, "असू दे बाळ. चाळीस वर्षांनी फोटोत तेच हुडकशील."