घड्याळाच्या पट्ट्यातलं तिकीट

मला वाचता आलेला पहिला आकडा १२३. पाटीवरचा नव्हे, बेस्टच्या लाल डबलडेकरच्या कपाळावरचा. ताडदेवहून निघून चौपाटीवरून कुलाब्याच्या आर. सी. चर्चला जाणारी ही बस. रविवारी आप्पा मला चौपाटीवर तिच्यात चढवायचे, आणि मी धडधडत जिन्याने वर. पुढच्या खिडकीची सीट मिळाली की रविवार सार्थकी. नाही मिळाली तर चर्चगेट येईस्तोवर माझं तोंड फुगलेलं.

कंडक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचा. तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याची टकटक जिन्यातून वर यायची. काखेत पत्र्याची पेटी, तिच्यात रंगीत तिकिटांचे गठ्ठे ओळीने उभे. अंगठ्याने एक ओढायचं, चिमट्यात धरायचं, की पुढचा प्रवासी. आप्पा त्या बोटभर कागदाची घडी घालून एचएमटीच्या चामडी पट्ट्याखाली सारायचे. तपासनीस आला की खिसे चाचपणं नाही, नुसतं मनगट पुढे. माझं अर्धं तिकीट मात्र मुठीत, आणि उतरेपर्यंत घामाने त्याचा लगदा.

पुढे नोकरी लागली, पहिल्या पगारात घड्याळ घेतलं आणि माझंही तिकीट पट्ट्याखाली जाऊ लागलं. कुणी शिकवलं नव्हतं. बदली होऊन नाशिकला आलो, तेव्हा सामान लावताना पुस्तकांतून खुणेला ठेवलेली तिकिटं गळत होती. बायकोने झाडून टाकली. मीही अडवलं नाही, हे कबूल करायला हवं.

आता मुंबईला जाणं होतं ते लग्नाकार्यापुरतं. जुन्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला थांबल्या. शेवटची धावली तीही अंधेरी-सीप्झ मार्गावर, आमच्या समुद्राला टाटा न करता. विजेवरच्या नव्या आल्यात, थंडगार, आवाज न करणाऱ्या. पण काचा बंद. वरच्या मजल्यावर बसून खारा वारा खाता येणार नसेल, तर जिना चढायचा कशाला?

गेल्या खेपेला गिरगावात उतरलो तो थेट जमिनीखाली. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पुरी झाली. तिच्यासाठी इथल्या काही चाळी गेल्या. जो रस्ता ओलांडताना आजी माझा दंड आवळून धरायची, त्याच्या पोटात आता सरकते जिने. सोय झाली, यात वाद नाही. माझे गुडघे तर मेट्रोच्याच बाजूने मत देतील. फक्त दादरला वर येईपर्यंत मधलं गाव दिसत नाही. महालक्ष्मी नाही, वरळी नाही. एक स्टेशन बोलतं, दार उघडतं, पुढचं बोलतं.

भाचा म्हणाला, "मामा, तिकीट मोबाइलवरच काढ ना." मी खिडकीवर रांगेत उभा राहून कागदी घेतलं. चौकोनी ठिपक्यांची नक्षी असलेली चिठ्ठी. फाटकाला दाखवली आणि हात आपोआप मनगटाकडे गेला. पण हल्ली माझ्या घड्याळाचा पट्टा रबरी आहे, घट्ट बसणारा. तिकीट त्याच्याखाली सरकत नाही.